काळ्या जमिनीवरचं घर

कोपरगाव, श्रीरामपूर, नेवासा या पट्ट्यातली काळी जमीन उसाला मानवते, घराच्या पायाला मात्र दगा देते. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि पाया हलतो. म्हणून बांधकामाआधी मातीची तपासणी करून घ्या. पाया किती खोल, कॉलममध्ये सळई किती, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरलाच ठरवू द्या. शेजाऱ्याच्या घरावरून अंदाज बांधणं घातकच.

जुन्या घरात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघाली, स्लॅबचा गिलावा सुटून गंजलेली सळई दिसू लागली, तर वरून नुसतं प्लॅस्टर करू नका. आतला गंज वाढतच राहतो. महापालिका हद्दीत ३० वर्षं पूर्ण झालेल्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करून घेणं ही कायद्याने मालकाची किंवा रहिवाशांची जबाबदारी आहे. पावसाळ्याआधीच इंजिनिअरला घरी बोलवा.