नुरा कुस्तीचा चाहता

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आपल्या आखाड्यात एक शब्द आहे, नुरा. कोण पडणार आणि कोण पाडणार हे आधीच ठरवून दोन पैलवान लढले, तर ती नुरा कुस्ती. मैदानात लोकांना नुसता संशय आला तरी ओरडा सुरू होतो. हल्ली राजकारण्यांच्या लुटुपुटुच्या भांडणांनाही वर्तमानपत्रं हाच शब्द लावतात. तर आज मी ज्या कुस्तीविषयी बोलणार आहे, ती पहिल्यापासून शेवटपर्यंत नुरा आहे, आणि मी तिचा गेली तीस वर्षं चाहता आहे. मी म्हणतोय ती अमेरिकेतली व्यावसायिक कुस्ती. आम्ही मुलं होतो तेव्हा तिला डब्ल्यूडब्ल्यूएफ म्हणत. पांडाचं चिन्ह असलेल्या वन्यजीव रक्षण संस्थेशी त्या अक्षरांवरून कोर्टकज्जा झाला आणि २००२ साली ती डब्ल्यूडब्ल्यूई झाली.

आमच्याकडे केबल आली आणि तिच्यामागोमाग ही कुस्ती आली. ज्यांच्या घरी मुलं होती त्यांना सगळं आठवत असेल. पैलवानांच्या चित्रांचे पत्ते, त्यावर उंची, वजन, छाती, दंड आणि क्रमांक. अंडरटेकर मेला की जिवंत आहे यावरून मधल्या सुट्टीत होणाऱ्या मारामाऱ्या. त्यातला कुणी खरा नि कुणी खोटा, असंही सांगणारे होते. गंमत म्हणजे १९९४ साली कंपनीनंच एका सामन्यात खऱ्यासमोर एक तोतया अंडरटेकर उभा केला होता!

‘हे सगळं खोटं असतं’ असं मोठी माणसं आम्हाला सांगत, जणू काही फार मोठं गुपित फोडत असल्यासारखी. वास्तविक हे गुपित कंपनीनं स्वतःच फोडलं होतं. १९८९ साली न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे तिनं सांगितलं की, हा खेळ नसून करमणूक आहे. उद्देश अगदी व्यावहारिक होता. खेळ म्हटला की राज्याच्या क्रीडा आयोगाचे नियम आणि त्यांचे खर्च आले. करमणूक म्हटलं की ते टळतं.

आमच्या गल्लीत एक वृद्ध पैलवान राहत. सगळे त्यांना वस्ताद म्हणत. आमच्या घरी टीव्हीवर ही कुस्ती लागली की ते दारातूनच ‘नुरा हाय, बंद करा’ म्हणायचे. एका संध्याकाळी मात्र ते आत येऊन बसले. पडद्यावर गुलाबी-काळ्या पोशाखातला ब्रेट हार्ट होता. वस्ताद बराच वेळ गप्प बसून पाहत होते. मग म्हणाले, “पोरांनो, बघा. ह्यो गडी पाडत न्हाई, निजवतोय. पडणाऱ्याची मान सांभाळतोय.” थोड्या वेळानं उठता उठता पुन्हा म्हणाले, “नुरा करायलाबी अक्कल लागती.”

त्या वाक्यानंतर मी ही कुस्ती वेगळ्या नजरेनं पाहू लागलो. त्यात निकाल ठरलेला असतो. बाकीचं पुष्कळसं रिंगणातच, एकमेकांच्या कानाशी कुजबुजत ठरतं. आपल्या दशावतारात कथानक ठाऊक असतं, पण संवाद नट उभ्या उभ्या रचतात, तसंच काहीसं. फरक एवढाच की इथे चुकलं तर वाक्य चुकत नाही, मणका चुकतो. रिंगणाच्या कॅनव्हासखाली फळ्या असतात आणि त्यांवर पातळसा फोमचा थर. उचलून आपटतात तेव्हा उचलला जाणारा स्वतः उडी घेऊन मदत करतो, हनुवटी छातीला टेकवतो, पाठ सपाट टाकतो. आणि पाडणारा त्याचं डोकं सांभाळतो. म्हणजे ज्याला तुम्ही शत्रू समजता, त्याच्या हाती माणूस आपली मान देऊन मोकळा होतो. या खोट्या कुस्तीत हा विश्वास तेवढा खरा असतो, आणि मी जे सामने पुन्हा पुन्हा पाहतो ते त्या विश्वासाचेच आहेत.

ब्रेट हार्ट हा कॅनडातल्या कॅलगरीचा. वडील स्टू हार्ट स्वतः कुस्तीगीर आणि कुस्त्यांचे आयोजक. मुलं बारा, आठ मुलगे नि चार मुली. घराच्या तळघरात तालीम होती. तिला ‘डंजन’, म्हणजे अंधारकोठडी म्हणत. तिथे स्टू नवशिक्यांना असे काही पेच घालत की किंकाळ्या वरच्या मजल्यावर ऐकू जात. ब्रेट आठवा, आणि ओवेन सगळ्यांत धाकटा.

२९ ऑगस्ट १९९२. लंडनचं वेम्ब्ली स्टेडियम खचाखच भरलेलं. ब्रेटची गाठ आपल्याच मेव्हण्याशी, डेव्ही बॉय स्मिथशी. डेव्ही बॉय इंग्लंडचा, म्हणून मैदान त्याच्या बाजूचं, आणि जिंकायचंही त्यालाच होतं. पुढे ब्रेटनं लिहिलं की, सामना सुरू होताच डेव्ही बॉयनं कानात सांगितलं, मला काहीच आठवत नाही. आधी पाठ केलेलं सगळं पुसलं गेलं होतं. मग ब्रेटनं पुढची पंचवीसेक मिनिटं त्याला एकेक डाव सांगत सामना नेला, आणि शेवटी ठरल्याप्रमाणे स्वतः चीतपट झाला. आज तो सामना पाहताना मी डेव्ही बॉयकडे बघतच नाही. हरणाऱ्या माणसाचे ओठ हलताना दिसतात का, ते पाहतो. स्टेडियममधल्या हजारो लोकांना त्या रात्री डेव्ही बॉय मोठा वाटला, आणि त्याला मोठं केलं ते पडलेल्या माणसानं.

ओवेनची गोष्ट तर मराठी माणसाला समजावून सांगायलाच नको. ती भाऊबंदकी आहे. थोरल्याच्या सावलीत वाढलेला धाकटा. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये २० मार्च १९९४ रोजी दोघे भाऊ पहिल्याच सामन्यात लढले आणि ओवेन जिंकला. त्यात ना रक्त, ना खुर्च्यांची मारामारी, नुसते डाव आणि प्रतिडाव. मात्र त्याच रात्री शेवटच्या सामन्यात ब्रेटनं अजस्र योकोझुनाला हरवून जगज्जेतेपद मिळवलं. (योकोझुना जपानी सुमोवीर म्हणून मिरवला जाई. मूळचा सामोअन वंशाचा आणि जन्म सॅन फ्रान्सिस्कोचा!) सगळे पैलवान ब्रेटला खांद्यावर घेताहेत, आणि रिंगणाकडे येणाऱ्या वाटेवर ओवेन एकटा उभा राहून बघतोय. त्यानं मघाशी त्याच माणसाला हरवलं होतं. तरी मिरवणूक थोरल्याची. लेखणीनं एवढं मत्सराचं चित्र काढायला कादंबरीकाराला पन्नास पानं लागली असती.

माझ्या मते या कुस्तीतला सर्वोत्तम सामना २३ मार्च १९९७ चा, शिकागोजवळच्या रोझमाँटमधला, ब्रेट विरुद्ध स्टीव्ह ऑस्टिन. ब्रेट नायक, ऑस्टिन तोंडाळ खलनायक. हार मान्य केल्याशिवाय सामना संपणार नाही, अशी अट. अखेरीस ब्रेटनं त्याला शार्पशूटरमध्ये धरलं. समोरच्याला पालथा घालून, दोन्ही पायांची अढी करून ते मागे ओढायचे, असा हा पेच. ऑस्टिनच्या कपाळातून रक्ताची धार लागली होती आणि तो हार मानत नव्हता. शेवटी बेशुद्ध पडला, पण ‘हरलो’ म्हणाला नाही. सामना संपल्यावरही ब्रेट त्याच्या दुखऱ्या पायावर तुटून पडला. आणि बघता बघता मैदान फिरलं. ज्याच्या नावानं लोक शिमगा करत होते त्याच्यासाठी टाळ्या, आणि लाडक्या ब्रेटला शिव्या. कुणाचा आधार न घेता लंगडत निघालेला ऑस्टिन त्या रात्री नायक झाला. असं कथानक लिहिता येतं, पण वीस हजारांच्या आसपास माणसांचं मन अर्ध्या तासात उलटवणं हे लिहून होत नाही.

ते रक्त खरं होतं. पुढे उघड झालं की, कंपनीची तेव्हा रक्त काढायला मनाई असताना दोघांनी आपसात ठरवलं होतं. गर्दीत मारामारी चालू असताना ब्रेटनंच लपवलेल्या पात्यानं ऑस्टिनच्या कपाळाला छेद दिला. दुसऱ्याच्या हाती पातं आणि आपलं कपाळ द्यायचं, यात नुरा काय आणि खरं काय, तुम्हीच सांगा.

अर्थात हा विश्वास नेहमी फळतो असं नाही. त्याच वर्षी ३ ऑगस्टला ओवेननं ऑस्टिनला उलटा धरून खाली बसकण मारली आणि ऑस्टिनचं डोकं गुडघ्यांच्या खाली राहून गेलं. मान दुखावली, काही क्षण हातपाय हलेनात. जिंकायचं होतं ऑस्टिनला! ओवेन रिंगणात फिरत प्रेक्षकांना डिवचत वेळ काढत राहिला. अखेर ऑस्टिन कसाबसा सरपटत आला, ओवेनला हलकेच मागे ओढलं आणि ओवेननं स्वतःला चीत करून घेतलं. ऑस्टिनची कारकीर्द त्या दुखण्यानं आखूड झाली. ओवेनचा हेतू वाईट नव्हता, पण चार इंचांची चूक होती.

आणि मग माँट्रियल. ९ नोव्हेंबर १९९७. कंपनीचा मालक व्हिन्स मॅकमहन यानं ब्रेटशी वीस वर्षांचा करार केला होता, आणि वर्षभरातच तो परवडत नाही म्हणून दुसरीकडे जायला सांगितलं. पण पट्टा, म्हणजे जगज्जेतेपद, ब्रेटकडे. समोर शॉन मायकल्स. दोघांमधून विस्तव जात नव्हता, हे मात्र नाटक नव्हतं. ब्रेट म्हणाला, मी कॅनडात, माझ्या माणसांसमोर याच्याकडून हरणार नाही. ठरलं की सामना गोंधळात, निकालाविना संपवायचा. प्रत्यक्षात शॉननं ब्रेटला ब्रेटचाच शार्पशूटर घातला, आणि ब्रेटनं हार मानलेली नसताना रिंगणाशेजारी उभ्या मॅकमहननं ओरडून घंटा वाजवायला लावली. ब्रेटनं त्याच्या तोंडावर थुंकून पाहिलं तेव्हा मला कळलं की हे नाटकातलं नाही. आत गेल्यावर त्यानं मालकाला ठोसा मारला.

मॅकमहनची भीती खोटी नव्हती. दोन वर्षांपूर्वी एक महिला विजेती पट्टा घेऊन प्रतिस्पर्धी वाहिनीवर गेली होती आणि तिनं तो कॅमेऱ्यासमोर कचऱ्याच्या डब्यात टाकला होता. व्यवसायाच्या दृष्टीनं त्याला उपाय हवाच होता. पण जो माणूस रोज आपलं शरीर समोरच्याच्या शब्दावर सोपवतो, त्याला तो पेचात अडकलेला असताना दगा द्यायचा? मला हे आजही पटत नाही. नवल असं की मॅकमहन मग स्वतःच पडद्यावरचा खलनायक मालक बनला, ऑस्टिन त्याचा बंडखोर नोकर झाला आणि कंपनीची भरभराट झाली.

ओवेन तिथेच राहिला. २३ मे १९९९ रोजी कॅन्सस सिटीच्या केम्पर अरेनात एका विनोदी पात्राच्या पोशाखात त्याला छतावरून दोरानं खाली सोडायचं होतं. दोराची कडी सुटली आणि तो रिंगणात कोसळला. वय ३४. त्याला बाहेर नेल्यावर कार्यक्रम पुढे चालू ठेवला गेला. ती बातमी आम्ही ऐकली तेव्हा आमच्यातल्या एकानं पहिला प्रश्न विचारला, “खरं की स्टोरी?” तो प्रश्न विचारायची सवय आम्हाला लागली होती, याची अजून लाज वाटते.

त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला, त्याच अरेनात, ब्रेटनं ओवेनच्या स्मरणार्थ एक सामना लढला. समोर होता हार्ट घराण्याच्याच तालमीतला ख्रिस बेन्वा. दोघांनी जवळजवळ अर्धा तास फक्त कुस्ती केली, जुन्या वळणाची, एकमेकांना जपत. मी अनेकांना तो सामना आवर्जून दाखवला आहे. जून २००७ मध्ये बेन्वानं आपल्या पत्नीचा आणि सात वर्षांच्या मुलाचा खून करून आत्महत्या केली. त्याच्या मेंदूच्या तपासणीत डोक्यावरच्या वारंवार आघातांनी झालेली हानी आढळली. तेव्हापासून तो सामना मी कुणाला दाखवत नाही. एकदा स्वतः लावला आणि मध्येच बंद केला. हा ब्रेटचा धाकट्या भावाला निरोप आहे हे ठाऊक असूनही दुसऱ्या माणसाकडे बघवेना. तो पुसून टाकावा असं मी म्हणणार नाही. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

ब्रेट अभिमानानं सांगतो की, इतक्या वर्षांत आपल्या हातून एकही सहकारी गंभीर जखमी झाला नाही. त्याची कारकीर्द मात्र दुसऱ्याच्या पायानं संपली. डिसेंबर १९९९ मध्ये गोल्डबर्गची लाथ डोक्यावर बसली, मेंदूला मार लागला आणि पुढच्या वर्षी त्याला कुस्ती सोडावी लागली. २००२ मध्ये पक्षाघात झाला. त्याच वर्षी वेम्ब्लीचा तो मेव्हणा डेव्ही बॉय ३९ व्या वर्षी गेला.

४ जानेवारी २०१० रोजी ब्रेट पुन्हा त्याच कंपनीच्या रिंगणात आला आणि त्यानं शॉन मायकल्सला समोर बोलावलं. बारा वर्षांचा अबोला होता. शॉननं दगाबाजीची जबाबदारी टाळली नाही. दोघांनी हात मिळवले. ब्रेट जायला वळला. शॉन त्याच्याकडे आला, आणि हनुवटीवर लाथ मारण्यापूर्वी तो जसा पवित्रा घेतो, तसं काहीसं दिसलं. मी खुर्चीत पुढे सरकलो. पक्षाघात झालेला माणूस आहे, याला लाथ मारू नका रे, असं चक्क टीव्हीला म्हणालो. शॉननं त्याला मिठी मारली. ब्रेटनं नंतर सांगितलं की ती दिलजमाई खरी होती, आणि माझा त्याच्यावर विश्वास आहे. वस्ताद तेव्हा हयात नव्हते. असते तर दारातूनच ‘नुरा हाय’ म्हणाले असते, आणि मग आत येऊन बसले असते.