देव्हाऱ्यात कोण?

ख्रिस्ती घरात देव्हारा नसतो, अशी आपली समजूत आहे. श्रोतेहो, मला ती खरी वाटत नाही. देव्हारा प्रत्येक घरात असतो. मात्र त्यातील मूर्ती नेहमीच दगडाची वा पितळेची असते असे नाही. पैसा, मानमरातब, कुळाचा अभिमान, नोकरीतील बढती यांचीही प्रतिष्ठापना होते आणि त्यांना रोजचा नैवेद्य लागतो. जेथे मुलांकडून दहा आज्ञा पाठ करवून घेतल्या जातात, तेथेही हे घडते.

मी लखनौस सरकारी नोकरीत आहे. एका रविवारी प्रार्थनेची वेळ झाली, तरी मी कचेरीतून आणलेली फाईल पुढे घेऊन बसलो होतो. माझी धाकटी मुलगी बायबल घेऊन दाराशी आली आणि म्हणाली, "बाबा, तुमची पूजा आटोपली का?" तिच्या बोलण्यात उपरोध नव्हता, म्हणूनच ते मनाला लागले.

त्या दिवशी मला लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'ची आठवण झाली. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला आणि त्यांचा संसार दुभंगला. पाच वर्षांनी, १९०० साली, लक्ष्मीबाईही ख्रिस्ती झाल्या. परंतु केवळ पतीच्या पाठोपाठ म्हणून नव्हे. त्यांच्या माहेरी सोवळ्याचा अंमल इतका कडक, की बाजारातून आलेला जिन्नसही धुतल्यावाचून घरात येत नसे. जाती ईश्वराने केल्या की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या मनाला विचारला, आणि उत्तर मिळाल्यावर सोवळे सोडले. मनातली मूर्ती दुसऱ्याने फोडून भागत नाही. ज्याची त्यानेच ती खाली उतरवावी लागते.

टिळकांची कसोटी निराळी होती. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभारला. ऐकावयास हे उदात्त वाटते; पण लक्ष्मीबाईंचे पुस्तक आपल्याला भाबडे राहू देत नाही. टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे. दारी आलेल्यास ते देऊन मोकळे होत, आणि उद्याच्या पिठामिठाची विवंचना लक्ष्मीबाईंच्या वाट्यास येई. मग ही विवंचना मूर्तिपूजा म्हणावी काय? मला तसे वाटत नाही. ज्या हातांनी त्यांनी घर सावरले, त्याच हातांनी अनाथ मुलांना पोटाशी धरले. संसार देवाच्या स्वाधीन केला, म्हणजे संसाराची जबाबदारी संपत नाही. तिच्यावरचा आपला मालकी हक्क तेवढा संपतो.

बायकामुले, विद्या, नोकरी ही देवाची देणी आहेत. देणगीला दात्याच्या आसनावर बसविले, की तीच मूर्ती होते.

त्या रविवारी मी फाईल मिटली. ती पुन्हा देव्हाऱ्यात जाऊन बसत नाही, असे मी म्हणणार नाही. परंतु आता मुलीला विचारावे लागत नाही. तिचा प्रश्न मीच मला विचारतो.