मागून येणाऱ्याची जबाबदारी



सायकल चालवायला परवाना लागत नाही, आणि तो लागू नये असंच माझं मत आहे. पण त्यामुळे चालणाऱ्या माणसाच्या शेजारून सायकल कशी न्यावी, हे आपल्याला कुणीच शिकवत नाही.

नांदेडचंच बघा. २००८ साली तिथं शिखांच्या गुरु-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा झाला. त्यानिमित्तानं शहरातले प्रमुख रस्ते नव्यानं बांधले गेले. काही ठिकाणी फूटपाथ आणि सायकलींसाठी वेगळा पट्टा आखला गेला. फार चांगलं काम होतं ते. पण असा पट्टा गाड्या आणि हातगाड्यांनी अडला, की सायकलवाला आणि पायी चालणारा एकाच चिंचोळ्या जागेत येतात. गुरुद्वाऱ्याकडच्या गल्ल्यांत तर पंजाबातून आलेले, शहर अनोळखी असलेले भाविक असतात. त्यांच्या पाठीमागून ‘सरका, सरका’ ओरडलं तर त्यांना काय कळणार?

लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते एकत्र येतात. तिथं पाठीवर पोतं घेतलेल्या हमालाला मान वळवून मागं बघता येत नाही. त्याच्यासाठी थांबायचं ते सायकलवाल्यानंच. क्लासला उशीर होत असला तरी!

साधा हिशेब बघा. सायकल ताशी १५ किलोमीटर वेगानं येते आणि माणूस ५ च्या वेगानं चालतो. म्हणजे दोघांतलं अंतर सेकंदाला जवळजवळ तीन मीटरनं कमी होतं. तीन मीटरवर घंटी वाजवली तर समोरच्याला मिळतो फक्त एक सेकंद. एवढ्यात माणूस दचकतो. दोघं गप्पा मारत चालले असतील तर एक डावीकडे उडी मारतो, दुसरा उजवीकडे. हीच घंटी पंधरा मीटरवरून वाजवली तर पाच सेकंद मिळतात. तेवढ्यात आजोबासुद्धा नातवाचा हात धरून निवांत बाजूला होतात.

घंटी वाजवायची ती ‘मी येतोय’ एवढं कळवायला. वाट मोकळी करण्याचा तो हुकूम नव्हे. एकदा वाजवावी, वेग चालण्याइतका उतरवावा, ‘काका, उजवीकडून येतोय’ म्हणावं आणि हातभर जागा सोडून पुढं जावं. समोरचा सरकला नाही, तर त्याला ऐकू येत नसेल हे आधी मनात आणावं. ब्रिटनच्या वाहतूक नियमावलीत २०२२ साली सुधारणा झाली, तिनं सायकलस्वारांना जवळपास हेच सांगितलं आहे. बहिऱ्या-आंधळ्या माणसांचा विचार तिथं स्पष्ट शब्दांत आहे.

चालणाऱ्यांनीही कानातल्या इयरफोनचा आवाज थोडा कमी ठेवावा, चौघांनी मिळून अख्खी वाट अडवू नये. पण मागून येणाऱ्याला पुढचा दिसतो, पुढच्याला मागचा दिसत नाही. म्हणून मोठी जबाबदारी सायकलवाल्याचीच.

शाळा जूनमध्ये उघडतील. इथं बसलेल्या शिक्षकांना माझी विनंती आहे: पहिल्याच आठवड्यात सायकलवरून येणाऱ्या मुलांना मैदानावर घेऊन एवढं करून दाखवा, आणि ज्यांच्या सायकलला घंटी नाही त्यांच्या पालकांना ती बसवायला सांगा.