सुट्टीतली पवना

पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेत शाळकरी मुलांना उन्हाळी सुट्टीत आठवडाभर शास्त्रज्ञांसोबत प्रकल्प करता येतो. ठरलेला अभ्यासक्रम नाही, परीक्षाही नाही. केवढी मोलाची मोकळीक!

मावळातल्या सोमाटण्याच्या मुलांना असा प्रकल्प घराजवळच आहे. तापमानवाढ जगाची, पण पवना नदीच्या पाण्यातही ती तपासता येते. २० अंशांच्या लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. त्यात सांडपाणी मिसळलं, की मासे तडफडू लागतात. हेच पाणी पुढे रावेतला उचललं जातं आणि पिंपरी-चिंचवडच्या नळांना येतं.

मावळातल्या शिक्षकांनो, मुलांना काठावर न्याच. जागा एकच ठेवा, सकाळ-दुपार तापमान वहीत लिहू द्या. पुढच्या मे महिन्यात तीच वही पुढे चालवा.