काम मागायला जाताना

लोणंदच्या बाजारात एका गड्याने दहा वर्षे कांदा निवडला. तो कारखान्यात काम मागायला गेला. साहेबांनी विचारले, "तुम्हाला काय येतं?" मान खाली घालून तो म्हणाला, "काय न्हाई जी. अडाणी माणूस मी." काम मिळाले नाही.

आम्ही म्हटले, "अरे बाबा, कांदा हातात घेतलास की त्याची प्रत सांगतोस. पट्टीचा हिशेब तोंडी करतोस. हे का नाही सांगितलंस?"

आपल्या स्टेशनावरून मिरजेकडे जाताना किर्लोस्करवाडी लागते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली तिथे माळावर कारखाना उभारला. लोखंडी नांगर केले. शिक्षा भोगून आलेल्या माणसालाही त्यांनी राखणीचे काम दिले. असे मालक माणूस पारखतात. पण आपण बोललोच नाही, तर ते पारखणार कसे?

म्हणून आधी नमस्कार करा. मग नाव सांगा, आणि पुढे असे बोला : "मी लोणंदचा. चौथी शिकलो. दहा वर्षे कांदा निवडला. वजन, हिशेब येतो. यंत्र चालवता येत नाही, पण शिकेन."

खोटे सांगू नका, ते पहिल्याच दिवशी उघडे पडते. पण येत असलेले झाकून ठेवणे, हेही खोटेच.

आज रात्री घरच्यांसमोर एकदा बोलून पाहा.