नेम धरण्यापूर्वी



खंडेनवमीला घरोघरी शस्त्रपूजन होते. शेतकऱ्याकडे विळा-कोयता, सुताराकडे करवत-वाकस, पोलिसाकडे बंदूक. सर्वांना तेच हळदीकुंकू आणि तेच झेंडूचे फूल. नांदेडकरांना या परंपरेचे आणखी एक भव्य रूप ठाऊक आहे. श्री गुरुगोविंदसिंहजींनी 1708 साली ज्या भूमीवर देह ठेवला, तेथील तख्त सचखंड श्री हजूर साहिबमध्ये दिवाळीच्या सुमारास तख्तस्नान होते. गोदावरीचे जल घागरींनी आणले जाते आणि तेथे जतन केलेली शस्त्रे घासूनपुसून स्वच्छ केली जातात. शस्त्राला आदर द्यायचा तो जयघोषाने नव्हे, तर निगराणीने, हे तेथे डोळ्यांनी दिसते.

आज मात्र शस्त्राचे वेगळेच दर्शन तरुणांना घडते आहे. कमरेला पिस्तूल खोचलेले छायाचित्र भ्रमणध्वनीवरून गावभर फिरते, वरातीत हवेत बार काढला जातो, वाढदिवसाचा केक कापताना तलवार मिरवली जाते. शेजारच्या बीड जिल्ह्यातील शस्त्रपरवान्यांचा प्रश्न 2024च्या अखेरीस राज्यभर गाजला आणि पुढे अनेक परवाने रद्द करावे लागले. शस्त्र कायद्यात 2019 साली झालेल्या दुरुस्तीनुसार आनंदोत्सवात बेदरकारपणे गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हवेत सोडलेली गोळी कोठेतरी खाली येतेच. राष्ट्रीय छात्र सेनेच्या सरावात वापरली जाणारी साधी पॉइंट टू-टूची गोळीसुद्धा दीड किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते. नांदेडच्या वजिराबादेत किंवा लातूरच्या गंजगोलाईत उभे राहून दीड किलोमीटरच्या परिघात किती घरे येतात, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

शस्त्राचे आकर्षण तरुणाच्या मनातून उपदेशाने जात नाही. त्याला नेमबाजीच्या मैदानावर आणावे. तेथे पहिल्या दिवशी त्याच्या हाती बंदूक दिलीच जात नाही, आधी नियम दिले जातात.

नियम थोडे आहेत. प्रत्येक शस्त्र भरलेलेच आहे असे समजावे. ‘रिकामे आहे’ असे सांगणारा प्रत्यक्ष वडील भाऊ असला तरी स्वतः उघडून पाहावे. नळी सदैव लक्ष्याच्या दिशेने असावी. नेम धरून बार काढण्याची वेळ येईपर्यंत बोट घोड्यावर जाऊ नये, ते बाजूला सरळ असावे. लक्ष्याच्या मागे काय आहे हे ठाऊक असल्याखेरीज गोळी सोडू नये. घरातल्या माणसांना सर्वांत अवघड जातो तो दुसरा नियम. कोणी हाक मारली की माणूस वळतो आणि हातातली बंदूकही त्याच्याबरोबर वळते. म्हणून मैदानावर नेम धरणाऱ्याला मागून हाक मारायची नाही, खांद्यावर हात ठेवायचा नाही, हा शिष्टाचार आहे. मुलाचे कौतुक पाहायला आलेल्या पालकांनी तो प्रथम शिकावा.

हुकूम देणारा एकच असतो. छात्र सेनेतून गेलेल्यांना ‘भर’ आणि ‘खाली कर’ हे शब्द आजही झोपेत ऐकू येत असतील. ‘थांबा’ मात्र कोणीही ओरडू शकतो. धोका दिसला तर पहिल्या दिवशी आलेल्या मुलानेही ओरडावे, आणि त्या शब्दावर सर्वांनी तत्क्षणी थांबावे. लक्ष्यावरचे कागद बदलण्यासाठी कोणी पुढे गेले की बाकीच्यांनी शस्त्र रिकामे करून, उघडे ठेवून मागे सरकायचे. त्या वेळात बंदुकीला हात लावायचा नाही, पुसण्यासाठीही नाही. गोळी सुटलीच नाही, तर नळी पुढेच धरून थांबायचे आणि प्रशिक्षकाला बोलवायचे. नळीत डोकावून पाहणारा उत्साही वीर प्रत्येक तुकडीत एखादा असतो!

ही शिस्त परकी नाही. लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे 1760 साली मराठ्यांनी निजामाला नमवले, तेव्हा सदाशिवरावभाऊंच्या सैन्यात इब्राहिमखान गारद्याचे कवायती पायदळ होते. हुकमावर भरणे आणि हुकमावरच बार काढणे, हे त्या कवायतीचे बळ होते. त्याच जिल्ह्यात आज चाकूरला सीमा सुरक्षा दलाचे आणि नांदेड जिल्ह्यात मुदखेडला केंद्रीय राखीव पोलीस दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. जवानांच्या गोळीबार मैदानांच्या आसपास राहणाऱ्यांसाठीही नियम असतात. लाल निशाण दिसले की त्या बाजूला जायचे नाही, गुरे चारायची नाहीत, आणि सराव संपल्यावर रानात काही सापडले तर ते उचलून घरी आणायचे नाही.

शिष्टाचाराचा आणखी एक भाग म्हणजे आपल्या लक्ष्यावरच नेम धरणे. हे हास्यास्पद वाटेल. परंतु 2004च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेचा मॅथ्यू एमन्स 50 मीटर रायफलच्या अंतिम फेरीत आघाडीवर असताना शेवटची गोळी शेजारच्या लक्ष्यावर मारून बसला. ती शून्य धरली गेली आणि सुवर्णपदकावरून तो थेट आठव्या क्रमांकावर घसरला. त्याच प्रकारात, पुढे वीस वर्षांनी पॅरिसमध्ये, राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने कांस्यपदक मिळवले. त्याच्याआधी अंजली भागवत, सुमा शिरूर, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत या महाराष्ट्रकन्यांनी वाट घालून दिली होती. यांच्या यशात दंडाच्या ताकदीपेक्षा श्वास रोखून धरण्याचा आणि घाई न करण्याचा वाटा मोठा आहे. दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो. रागावलेल्या माणसाला तो लागत नाही.

या प्रकाराला मोठे मैदानही लागत नाही. एखादे लांब सभागृह, भक्कम भिंत, छर्रे अडवणारी पेटी आणि जाणता प्रशिक्षक एवढ्यावर शाळेत सुरुवात होऊ शकते. मात्र छऱ्याने डोळा कायमचा जाऊ शकतो, म्हणून चष्मा हवाच. पॉइंट टू-टूच्या सरावात कानांवर आवरणही हवे. एअर रायफल खेळणे म्हणून मुलाच्या हाती देऊन त्याला गच्चीवर पारव्यांमागे सोडणाऱ्या पालकांनी ती आणूच नये. आणलीच, तर ती कुलपात राहावी, छर्रे दुसऱ्या कुलपात, आणि किल्ल्या मोठ्यांकडे.

सराव संपला की नळीतून चिंदी फिरवायची, मोजून आणलेल्या गोळ्या मोजूनच परत करायच्या, शस्त्र कोतात जमा करून नोंदवहीत सही करायची. छर्रे शिशाचे असतात. तेव्हा डबा उघडण्यापूर्वी हात साबणाने स्वच्छ धुवावेत, आणि लहानग्यांचेही धुवून घ्यावेत.