मंगळसूत्र कोणाकडे आहे?

(नांदगाव पेठ येथील जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



पराटीवरची गुलाबी बोंडअळी, सोयाबीनची खोडमाशी, तुरीवरचा मर, यांवर बोलायला सांगितले असते तर आम्हाला सोपे गेले असते. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शिकलो ते तेच. पण कार्यकारिणीने विषय दिला आहे निवडणुकीतल्या भीतीच्या प्रचाराचा आणि त्यात धर्माच्या कायद्याचा जो वापर होतो त्याचा. आम्ही वकील नाही. कायदे वाचले ते औषधाच्या डब्यावरची चिठ्ठी वाचावी तसे वाचले. आत काय आहे, किती आहे, कशावर लागू पडते. कृषी केंद्राच्या भिंतीवर पोस्टर असते, त्यात पीक डोलत असते. घटक मात्र डब्यावर बारीक अक्षरात लिहिलेला असतो. आपण पोस्टर पाहून औषध घेतो आणि नुकसान झाल्यावर चिठ्ठी वाचतो. मतदानाचेही तसेच झाले आहे.

२०२४ च्या लोकसभेपासून सुरुवात करू. २१ एप्रिलला राजस्थानात बांसवाड्याला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांची सभा झाली. काँग्रेस आली तर मायबहिणींच्या सोन्याचा हिशेब घेईल, ते वाटून टाकेल, मंगळसूत्रसुद्धा ठेवणार नाही. आणि देईल कोणाला, तर ज्यांना जास्त मुले आहेत त्यांना, घुसखोरांना, असा त्या भाषणाचा आशय होता. पाचव्या दिवशी, २६ एप्रिलला, अमरावती आणि अकोला या दोन्ही मतदारसंघांत मतदान होते. बांसवाडा कुठे आणि आपण कुठे! पण त्या पाच दिवसांत ते भाषण मोबाईलवरून आपल्या पारापारावर पोचले. त्याच दिवसांत उत्तरेतल्या सभांतून लोकांना विचारले जात होते की देश संविधानावर चालवायचा की शरीयतवर?

चिठ्ठी वाचू. काँग्रेसचा जाहीरनामा ५ एप्रिलला निघाला होता. त्यात कोणाचे दागिने काढून घेऊन दुसऱ्याला वाटण्याचे कलम नव्हते. शरीयत लागू करण्याचेही नव्हते. निरनिराळ्या समाजांच्या व्यक्तिगत कायद्यांत सुधारणा व्हावी, पण त्या समाजाच्या सहभागाने आणि संमतीने व्हावी, असे त्यात होते. भाजपच्या १४ एप्रिलच्या जाहीरनाम्यात समान नागरी कायद्याचे वचन होते. म्हणजे दोन पक्षांत खरा मतभेद होता. सर्वांना एक कायदा आताच करावा, की ज्याच्या त्याच्या संमतीची वाट पाहावी? यावर गावात चांगला वाद झाला असता. संमती म्हणजे नक्की कोणाची, समाजातल्या पुरुषांची की बायांचीही, हेही विचारता आले असते. ते कोणी विचारले नाही. मंगळसूत्राची भीती पुढे आली आणि वाद बाजूला पडला. निवडणूक आयोगाने २५ एप्रिलला नोटीस काढली ती पक्षाच्या अध्यक्षांना. भाषण करणाऱ्याला नाही. दुसऱ्या दिवशी आपण मतदानाला उभे होतो.

निवडणूक आटोपल्यावर एका गावी बायकांच्या बैठकीत आम्ही विचारले, कोणाकोणाचे मंगळसूत्र आज घरात आहे? बाया एकमेकींकडे पाहून हसल्या. एक म्हातारी म्हणाली, "सोनं त बँकेत हाय भाऊ, हे त निसती पोत हाय." मिरुग लागायच्या आधी सोने जाते. मागचे पीककर्ज थकलेले असते म्हणून नवे मिळत नाही, बियाण्याच्या पिशव्या तर आणायच्याच असतात. मग बँकेचे सोनेतारण, नाहीतर सावकार. माल विकून सोडवायचे असे ठरते, आणि भाव पडला की ते राहते. पुढे लिलावाची नोटीस पेपरात येते. त्या नोटिशीत धर्म लिहिलेला नसतो, खाते क्रमांक आणि ग्रॅम लिहिलेले असतात.

त्या एप्रिलमध्ये सोयाबीनचा हमीभाव ४,६०० रुपये होता आणि बाजार समितीत बोली त्याच्याही खाली लागत होती. कच्च्या सोयाबीन तेलावरचे आयात शुल्क सगळे मिळून साडेपाच टक्के होते, बाहेरचे तेल स्वस्तात येत होते. ते शुल्क १४ सप्टेंबर २०२४ ला साडेसत्तावीस टक्क्यांवर नेले, विधानसभेच्या तोंडावर. मे २०२५ च्या अखेरीस पुन्हा साडेसोळावर आणले. मंगळसूत्राला खरा हात लागतो तो या आकड्यांचा. त्याची जाहिरात कोणत्याच पक्षाने काढली नाही. आणि या नांदगाव पेठेत बसून बोलायचे तर अप्पर वर्ध्याचे पाणी शेताऐवजी औष्णिक वीज प्रकल्पाला देण्याचा निर्णय झाला तेव्हाही भीती वाटायला हवी होती. तिच्यावर मते मिळत नाहीत, म्हणून ती कोणी आपल्याला पुरवली नाही.

आता दुसरी बाजू सांगितली नाही तर आमचे बोलणेही पोस्टरच ठरेल. "चारशे जागा आल्या तर संविधान बदलतील", ही त्याच निवडणुकीतली दुसरी भीती. तिला आधार होता. कर्नाटकातले भाजपचे तेव्हाचे खासदार अनंतकुमार हेगडे मार्च २०२४ मध्ये तसे बोलले होते, आणि पक्षाने ते त्यांचे वैयक्तिक मत म्हणून झटकले होते. संविधानातली कोणती कलमे दोन-तृतीयांश मतांनी बदलतात, कशाला निम्म्या राज्यांची संमती लागते, मूळ गाभ्याला हात लावता येत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये काय म्हणून ठरवले, हे सांगणारा वक्ता आम्हाला तरी विरळा भेटला. दलित वस्त्यांत थेट सांगितले गेले की आरक्षण उद्या जाणार. आमच्यातल्याही काहींनी तसे सांगितले आणि आम्ही त्यांना अडवले नाही, कारण त्या भीतीची मते आम्हाला हव्या त्या बाजूला पडत होती. ही चूक आमच्या खात्यावर मांडायला हवी.

शेतकऱ्यांच्या चळवळींनाही ही सवय जुनी आहे. डंकेल प्रस्ताव आला तेव्हा आम्ही शाळकरी होतो. घरचे बियाणे ठेवले तर तुरुंगात जाल, असे देशभर सांगणाऱ्या संघटना तेव्हा होत्या. पुढे २००१ मध्ये पीक वाणांचा कायदा झाला, त्याच्या ३९ व्या कलमाने शेतकऱ्याला बियाणे ठेवण्याचा, पेरण्याचा, बदलून घेण्याचा, एवढेच काय, ब्रँडचे नाव न लावता विकण्याचाही हक्क दिला. ज्यांनी तेव्हा घाबरवले ते हे कलम सांगायला पुन्हा गावात आले नाहीत.

धर्माच्या कायद्याची भीती तर पहिल्या निवडणुकीपासूनची. हिंदू कोड बिल अडले म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले. त्यानंतरच्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत अलाहाबादकडे नेहरूंच्या विरोधात प्रभुदत्त ब्रह्मचारी नावाचे साधू या एकाच मुद्द्यावर उभे राहिले. लेकीला वाटा दिला तर शेताचे तुकडे होतील, भावाबहिणीत वैर येईल, धर्म बुडेल, असा त्या बाजूचा प्रचार होता. ते हरले, आणि १९५५-५६ मध्ये ते कायदे तुकड्यातुकड्याने झाले. धर्म बुडाला नाही. शेताचे तुकडे झाले ते भावाभावांत.

मुसलमान समाजातही हेच. हमीद दलवाई यांनी १८ एप्रिल १९६६ ला सात बायकांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला, तोंडी तलाक बंद करा म्हणून. सात! त्या सातजणी किती धीराच्या असतील. शाहबानो या म्हातारीला पोटगी द्या, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये दिला तेव्हा धर्म धोक्यात आहे अशी हाक उठली, पोटनिवडणुकीत त्याचे पडसाद उमटले, आणि राजीव गांधींच्या सरकारने १९८६ मध्ये कायदा करून तो निकाल फिरवला. त्या भीतीचा फायदा आधी एकाने घेतला, मग त्याच प्रकरणावरून उलटी भीती दाखवून दुसऱ्याने. शाहबानोच्या पोटगीची रक्कम मात्र कोणाच्या लक्षात राहिली नाही.

कोणी म्हणेल, याला कायद्याने बंदी नाही का? आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याचे १२३ (३) कलम १९५१ च्या कायद्यात आहे, धर्माच्या नावाने मत मागणे हा त्यात भ्रष्ट आचार आहे. डिसेंबर १९८७ ची विलेपार्ल्याची पोटनिवडणूक याच कलमाखाली रद्द झाली आणि बाळासाहेब ठाकरे यांचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी गेला. पण सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला ११ डिसेंबर १९९५ ला, तोवर ती विधानसभा केव्हाच संपली होती. फवारणी बोंड फुटल्यावर झाली. आणखी एक १२७ (अ) कलम आहे. निवडणुकीच्या प्रत्येक पत्रकावर छापणाऱ्याचे आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता पाहिजे. ज्या डब्यावर कंपनीचे नाव नाही ते औषध तुम्ही फवाराल का? मग मोबाईलवर आलेली बिननावाची चित्रफीत पुढे का ढकलता?

आता ज्यासाठी एवढे बोललो ते. ज्या शरीयतची भीती दाखवली तिचा १९३७ चा कायदा उघडून पाहा. त्यातून शेतजमीन वगळलेली आहे! कारण धर्माचे नाही, तेव्हा शेतजमीन हा प्रांतांचा विषय होता. उत्तर प्रदेशात तर शेतीचा वारसा फार वर्षे महसूल कायद्याने ठरत आला. लग्न झालेली लेक हिंदूची असो की मुसलमानाची, मुलाच्या मागेच राहिली. उत्तराखंडने समान नागरी कायदा २७ जानेवारी २०२५ पासून लागू केला. त्यात लेकीला समान वाटा आहे, ही चांगलीच गोष्ट. पण अनुसूचित जमाती त्यातून बाहेर ठेवल्या आहेत. आपल्या मेळघाटातला कोरकू हिंदू वारसा कायद्यातही बसत नाही. म्हणजे "सर्वांना एक कायदा" आणि "त्यांचा कायदा", दोन्ही घोषणा चिठ्ठी वाचल्यावर वेगळ्याच निघतात.

आणि आपला स्वतःचा कायदा? महाराष्ट्राने १९९४ मध्ये लेकीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाबरोबरीचा हक्क दिला, पण लग्न होऊन गेलेल्या लेकी सोडून. २००५ मध्ये केंद्राने तीही अट काढली. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हा हक्क जन्माने आहे, २००५ मध्ये बाप हयात असण्याची गरज नाही. एवढा मोठा कायदा झाला. त्याचे पुढे काय होते ते या मंडपात सर्वांना माहीत आहे. बाप गेला की तेरवीनंतर बहिणींना जीपमध्ये बसवून नेतात आणि हक्कसोड पत्रावर सही घेतात. माहेर तुटू नये म्हणून ती सही करते. तिला लुगडे मिळते.

दुसऱ्यांचे सांगत नाही. आमचे वडील २०१२ मध्ये गेले. आम्ही कृषी पदवीधर, सभांमधून स्त्रियांच्या हक्कावर बोलणारे. बहिणीला आम्हीच नेले. तिने कागद न वाचता अंगठ्याशेजारी सही केली. परतताना चहाच्या टपरीवर तिने विचारले, "दादा, यात काय लिहिलं होतं?" आम्ही म्हणालो, काही नाही, नाव कमी करायचे आहे. २०२४ च्या एप्रिलमध्ये तिनेच आम्हाला फोन करून विचारले, दादा, मंगळसूत्र खरेच घेऊन जातील का? तिला काय उत्तर दिले ते सांगण्यासारखे नाही. त्या वर्षीच्या दिवाळीत फेरफाराची नक्कल काढून तिच्यासमोर ठेवली, वाचून दाखवली. वाटणी पुन्हा करायची बोलणी चालू आहेत. भावजया नाराज आहेत, धाकटा भाऊ बोलत नाही. सोपे नाही ते.

म्हणून कार्यकारिणीपुढे आमची मागणी साधी आहे. पुढच्या निवडणुकीत आपल्या व्यासपीठावर येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला कायद्याचे नाव, वर्ष आणि कलम विचारायचे. तो आपला असला तरी विचारायचे. सांगता आले नाही तर माईक पुढच्याला द्यायचा.

दुसरे, लक्ष्मीमुक्तीचे. शरद जोशी यांनी १९९० च्या आसपास बायकोच्या नावे जमीन करण्याची मोहीम काढली, आणि १९९२ मध्ये सरकारने सातबाऱ्यावर नवऱ्याबरोबर बायकोचे नाव लावण्याची सोय केली. पुष्कळ गावांत ती विसरली गेली आहे. अर्जाचे नमुने मंडपाच्या दाराशी टेबलावर ठेवले आहेत. अर्ज नवऱ्याने करायचा असतो, म्हणून ते फक्त पुरुषांच्या हातात द्यावेत अशी स्वयंसेवकांना सूचना आहे. तलाठ्याकडे दिल्यावर पोच घ्यायची, आणि ती पोच घरी बायकोजवळ ठेवायला द्यायची.